दोनशे रुपये

पगाराची स्लिप शेवटची नीट कधी वाचलीत? म्हणजे सगळ्यात खालचा आकडा सोडून. मी पंधरा-सोळा वर्षं नोकरी करतोय आणि खरं सांगायचं तर कधीच वाचली नव्हती. त्यात एक ओळ असते, 'प्रोफेशनल टॅक्स' म्हणजे व्यवसाय कर. दर महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २५००. ही रक्कम इतकी किरकोळ की कोणी तिच्याकडे बघत नाही. तीनशेचं कोडं मात्र सोपं आहे. राज्यघटनेने या कराला वर्षाला २५०० ची कमाल मर्यादा घातलेली आहे आणि २०० गुणिले १२ केले की १०० कमी पडतात. कोणीतरी बाबूने फेब्रुवारीत पॅच मारला. :-)

तर झालं असं की मागच्या शुक्रवारी हापिसात जेवताना गाडी रोजगार हमीवर घसरली. आमच्या कंपूतला एक हुशार मुलगा आहे (खरंच हुशार, त्याचा कोड मी डोळे झाकून मर्ज करतो) तो म्हणाला, "आपण टॅक्स भरायचा आणि गावाकडच्या फुकट्यांनी खड्डे खणायचे आणि बुजवायचे." टेबलावरचे सगळे हसले. मीही हसलो. मग घरी येऊन रात्री झोप लागेना, म्हणून हा विकांत त्यात घालवला.

कारण माझी आजी त्या फुकट्यांपैकी एक.

१९७२ चा दुष्काळ. आजी तेव्हा तिशीची असेल, पदरात तीन मुलं. सकाळी भाकरी बांधून घ्यायची आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचं. मिलो आणि सुकडीच्या गोष्टी आम्ही लहानपणी तिच्याकडून ऐकल्या, आणि आम्हाला त्या गमतीच्या वाटायच्या. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख वाकडं होतं, ते हातोडीने गेलं होतं. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. एवढी माणसं काय खड्डे खणायची हौस म्हणून गेली होती?

आता त्या दोनशे रुपयांकडे येतो. वि. स. पागे नावाचे गृहस्थ होते, विधान परिषदेचे सभापती. त्यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगावकडे एक प्रयोग करून पाहिला, की मागेल त्याला काम द्यायला खरंच किती पैसे लागतात. पुढे दुष्काळ आला, मोर्चे निघाले, शेतमजूर आणि बायका रस्त्यावर आल्या. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर लाटणी घेऊन महागाईविरुद्ध उभ्या होत्या. या सगळ्या रेट्यात ती योजना राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणं हा हक्क, आणि सरकारने नाही दिलं तर बेकारी भत्ता. भारतातला असा पहिला कायदा, आणि तो आपल्या राज्याने केला.

आणि पैसा? १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर आणला तो या योजनेसाठी. शहरातला पगारदार थोडे देणार, बागायतदार थोडे देणार, गाडीवाला थोडे देणार, आणि जमेल तितकीच भर सरकार घालणार. म्हणजे माझ्या स्लिपवरची ती न वाचलेली ओळ म्हणजे आजीच्या खडीचं बिल आहे! मी तर उडालोच. (पुढे तो सगळा पैसा मजुरांपर्यंत पोचला असा माझा मुळीच दावा नाही. हिशोब मागायचा तर तो मागा ना. पण त्यासाठी आधी हे ठाऊक असायला हवं.)

म्हणजे ज्याच्या पगारातून हे पैसे कापले जातात त्यालाच ते कशासाठी ते माहीत नाही, आणि ज्याच्यासाठी कापले त्याला तो फुकट्या म्हणतो. २००५ साली दिल्लीने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव समोर होता. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने तो मोडीत काढून नवा कायदा केला, आणि बहुतेक राज्यांच्या गळ्यात खर्चाचा ४० टक्के वाटा अडकवला. आमच्या टेबलावर त्याची चर्चा दीड मिनिट झाली असेल.

"आम्ही टॅक्स भरतो" हे वाक्य मला आता सहन होत नाही. भरतो, मान्य. पण आमचा वॉचमनसुद्धा भरतो. बिस्किटाच्या पुड्यावर आणि अंगाच्या साबणावर २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत १८ टक्के जीएसटी होता, आता ५ आहे. दुकानदार काउंटरवर पॅन कार्ड विचारत नाही, की हा गरीब आहे का बघू. माझ्या पगारातून आयकर कापला जातो त्याचा फॉर्म १६ येतो, म्हणून मला वाटतं मी देश चालवतो. वॉचमनला फॉर्म येत नाही, एवढाच फरक. आणि वरच्यांचं बघा. मृत्यूनंतर वारशावर लागणारी इस्टेट ड्यूटी १९८५ ला गेली, संपत्ती कर २०१५ ला गेला, २०१९ च्या सप्टेंबरात कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्के करायचा पर्याय एका वटहुकुमाने आला. तेव्हा कोणी कोणाला फुकट्या म्हटलं का? मी तरी नाही ऐकलं.

असो. आता जे सांगायला बसलोय ते सांगतो, कारण आतापर्यंतचं सगळं दुसऱ्यांना झोडणं झालं, ते सोपं असतं.

आमच्या सोसायटीत ९२ फ्लॅट आहेत आणि दोन गेट. मी कमिटीवर आहे. मागच्या वर्षी सिक्युरिटीचं कंत्राट संपलं तेव्हा दोन कोटेशनं आली. पहिल्याचं गणित असं: दोन गेट, तीन पाळ्या, सात दिवस म्हणजे आठवड्याला ४२ पाळ्या. माणूस सहा दिवस काम करणार, म्हणजे सात माणसं. माणशी बिल २४ हजार, पीएफ, ईएसआय, बोनस सगळं धरून. एकूण १ लाख ६८ हजार. दुसऱ्याने सांगितलं, चार माणसांत बसवतो. माणशी १९ हजार, एकूण ७६ हजार.

चार माणसांत कसं बसतं? बारा-बारा तास, सातही दिवस, सुट्टी नाही. आठवड्याचे ८४ तास. अठ्ठेचाळीसच्या वर ३६ तास झाले, आणि जादा कामाला दुप्पट दर असा कायदा आहे, म्हणजे ७२ तासांचा पगार. एकूण १२० तासांचा. म्हणजे कायद्याने अठ्ठेचाळीस तासांच्या अडीचपट पैसे द्यायचे, तिथे ४८ तासांवाल्यापेक्षाही कमी दिले. इतका ओव्हरटाइम करून घेणं मुळात नियमात बसतं का, तो प्रश्न तर मी सोडूनच देतोय. हे गणित करायला मला इंजिनिअरिंगची गरज नव्हती. चौथीतला मुलगा करेल.

मी ते तेव्हा केलं नाही. फरक होता महिन्याला ९२ हजार, म्हणजे फ्लॅटमागे बरोबर १००० रुपये. दुसरं कोटेशन एकमताने पास झालं, आणि त्या एकमतात माझा हात होता.

मग या जानेवारीत पहाटे साडेचारला एका सदस्याने गेटवर झोपलेल्या मामांचा फोटो काढून व्हॉट्सॅपवर टाकला. कंत्राटदाराने ५०० रुपये दंड कापला. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. मी दुसऱ्या दिवशी खाली गेलो.

"मामा, सुट्टी कधी असते तुम्हाला?"

"सुट्टी घेतली की खाडा पडतो साहेब."

"हातात किती येतात?"

"चौदा. या महिन्याला साडेतेरा."

पुढे काय बोलावं ते मला सुचलं नाही. मी विचारलं चहा घेणार का. ते म्हणाले, गेट सोडता येत नाही.

ते पाचशे रुपये वाचून मला एक जुना निकाल आठवला. १९८२ च्या एशियाडसाठी दिल्लीत स्टेडियमं बांधली गेली, तिथे मजुराला रोज ९ रुपये २५ पैसे मिळायला हवे होते. मुकादम त्यातला एक रुपया कापून घ्यायचा. काही कार्यकर्त्यांनी तिथे जाऊन पाहणी केली आणि सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहिलं. कोर्टाने त्या पत्राची याचिका केली आणि सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देणं ही वेठबिगारी आहे, राज्यघटनेच्या २३ व्या कलमाचा भंग. माणूस स्वतःच्या पायाने कामावर आला हे उत्तर चालणार नाही, कारण भूकसुद्धा सक्तीच असते. एका रुपयावरून! आणि आम्ही ९२ शिकलेली कुटुंबं अंगठे दाखवतोय.

आता कोणी म्हणेल, मोर्चे काढून, संघटना करून काय मिळतं, नुसती नाटकं. त्यांनी पुणे-मुंबईच्या बाजारातल्या हमालांकडे बघावं. हमालाला एक मालक नसतो, सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या ट्रकवर. मग त्याचा पीएफ कोण भरणार? मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात बाबा आढाव, यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं भांडून हा प्रश्न सोडवायला लावला. १९६९ च्या माथाडी कायद्याची युक्ती मला आर्किटेक्चर म्हणून फार आवडते. मालक कितीही असोत, मध्ये एक मंडळ. व्यापारी मजुरी मंडळात भरणार, वर ठराविक टक्के लेव्ही भरणार, आणि त्यातून हमालाला भविष्य निर्वाह निधी, रजा, औषधपाणी. २०२३ मध्ये राजस्थानने डिलिव्हरीवाल्या मुलांसाठी कायदा केला तो याच कल्पनेवर, दर ऑर्डरमागे थोडी रक्कम मंडळात. ॲप वगैरे काहीही म्हणा, त्या मुलाचा प्रश्न हमालाचाच आहे.

माथाडीच्या नावावर खंडणी मागणारे टोळभैरव आहेत, ठाऊक आहे मला. कारखानदार त्यांना वैतागलेत आणि त्यांचं चूक नाही. पण बँकेच्या नावाने फोन करून फसवणारे आहेत म्हणून आपण बँका बंद करा म्हणत नाही.

आणि हो, वॉचमनसाठीसुद्धा महाराष्ट्राने १९८१ साली माथाडीच्याच धर्तीवर सुरक्षारक्षक मंडळाचा कायदा केलेला आहे. आमच्या मीटिंगमध्ये एका काकांनी मंडळाचा विषय काढला होता. "ते महाग पडतात" या तीन शब्दांत तो संपला.

आपण स्वतःला कामगार समजत नाही, खरं दुखणं इथे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ ला चारही नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हा आमच्या मजल्यावर दोन दिवस एकच चर्चा: भत्ते निम्म्याच्या वर नेता येणार नाहीत, मग पीएफ वाढून हातात येणारा पगार कमी होणार का? त्याच संहितांमध्ये कारखान्यातली माणसं कमी करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेलीय, आणि संपाआधी १४ दिवसांची नोटीस सगळ्याच उद्योगांना बंधनकारक झालीय. ते कोणी वाचलं नाही. मग ज्या दिवशी एचआरची बाई छोट्या खोलीत बोलावून संध्याकाळपर्यंत लॅपटॉप जमा करायला सांगते त्या दिवशी आपल्याला अचानक कायदा आठवतो, आणि संघटना कुठे आहे ते गूगल करावं लागतं. हे मी दोन मित्रांच्या बाबतीत पाहिलंय. दोघंही युनियन म्हटलं की नाक मुरडायचे.

आमचं कंत्राट ३१ तारखेला संपतंय. वरचं सगळं गणित मी एका कागदावर मांडून काल ग्रुपवर टाकलं, फ्लॅटमागे १००० रुपयांसकट, आणि मागच्या वेळी मीही हात वर केला होता हेही लिहिलं. आतापर्यंत चार उत्तरं आलीत. दोघांनी हो म्हटलं. तिसऱ्याने विचारलंय की मला कंत्राटदाराकडून किती सुटतात. चौथ्याचं म्हणणं, त्यापेक्षा एक गेट बंद करून कॅमेरे लावू. मीटिंग येत्या रविवारी सकाळी दहाला आहे, आणि कोरमसाठी अजून चौदा माणसं गोळा करायचीत, तेव्हा मी आता जिने चढायला निघतो.