पावतीशिवाय पैसा नाही

वनहक्काचे दावे भरायचं काम पाड्यापाड्यावर चालू झालं आहे. कार्यकर्ते घरोघर फिरतात, फॉर्म भरतात, आणि जिथे जावं तिथे एकच गोष्ट ऐकायला मिळते. "पैसे भरले होते, पण पावती नाय." घरपट्टी भरली, पावती नाय. जंगलातल्या प्लॉटवर नांगर धरला म्हणून दंड भरला, पावती नाय. कोंबडी दिली, तांदूळ दिले, बाटलीला पैसे दिले, त्याची पावती तर कोण देणार? आपल्या आईबापांनी वर्षानुवर्षं या जमिनीसाठी पैसे मोजले आणि आज साहेब विचारतो, "पुरावा काय आहे तुझ्याकडे?"

साहेब लोकांचं उत्तर तयार असतं. ते म्हणतात, आदिवासी अडाणी आहे, त्याला कागद सांभाळता येत नाही. आम्ही म्हणतो, हे साफ खोटं आहे. जो कागद दिलाच नाही तो सांभाळायचा कसा? पावती पुस्तक कोणाच्या हातात होतं? शिक्का कोणाच्या टेबलावर होता? पैसे घेताना ज्याला पेन सापडलं नाही त्याने आज आम्हाला अडाणी म्हणू नये. आणि सांभाळायचंच म्हणाल तर ऑफिसात लोखंडी कपाटं आहेत, क्लार्क आहे, शिपाई आहे, महिन्याला पगार आहे. तरी जुना फेरफार मागायला गेलं की ऐकायला मिळतं, "सापडत नाही", "वाळवीने खाल्लं", "पावसात भिजलं". त्यांना कोणी अडाणी म्हणत नाही.

हे आजच होतंय असं नाही. 1978 आणि 1979 साली महाराष्ट्र सरकारने जंगल जमिनीवरचे जुने कब्जे कायम करायचे हुकूम काढले. 31 मार्च 1978 ची तारीख धरली. पण कब्जा होता हे ठरवायचं कशावरून? सरकारी दप्तरातल्या नोंदीवरून आणि दंडाच्या पावतीवरून. ज्यांच्याकडून दंड खिशात घेतला आणि पावती फाडली नाही, ते कसत असूनही यादीच्या बाहेर राहिले. दुसरे पुरावे धरा म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत भांडावं लागलं. मग 3 मे 2002 ला दिल्लीच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने पत्र काढलं की 30 सप्टेंबरच्या आत जंगलातली अतिक्रमणं हटवा. त्या वेळी हत्ती आणि बुलडोझरच्या बातम्या आपण ऐकल्या. ज्याच्या हातात कागद नाही, तो पिढ्यान् पिढ्या कसत असला तरी सरकारच्या भाषेत अतिक्रमणदार.

आपल्यातली काही तरुण पोरं म्हणतात, "कागद हे त्यांचं हत्यार आहे. आपली जमीन आपल्या घामाने आहे, कागद कशाला जमवायचे? मोर्चा काढू." मोर्चा काढूच. पण मोर्चा ऑफिसच्या दारात पोचला की चार माणसं आत चर्चेला जातात, आणि आत टेबलावर कागदच लागतो. जमीन आपली आहे ती कागदामुळे नाही, हे खरं. कायद्याचं नावच वनहक्कांची 'मान्यता' असं आहे, म्हणजे हक्क आधीपासून होता हे सरकारने कबूल केलं. पण त्या हक्काची नोंद व्हायची तर पुरावा आपणच पुढे ठेवायचा आहे. तो नसला की निर्णय साहेबाच्या मर्जीवर जातो. साहेबाच्या मर्जीवर जगायचं नाही म्हणूनच तर संघटना केली.

आता कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. 2006 चा वनहक्क कायदा 31 डिसेंबर 2007 पासून लागू झाला. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन आपल्या ताब्यात पाहिजे. आदिवासींना 75 वर्षांचा पुरावा लागतो असं कोणी सांगत असेल तर त्याला गप्प बसवा, ती अट आदिवासींना नाही. नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी आहे. मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड, घरपट्टीची पावती, वनखात्याचे कागद, कोर्टाचे कागद चालतात. शेताचे बांध, सपाटीकरण, जुनी विहीर, मसणवट, देवाची जागा हेसुद्धा पुरावे आहेत. गावातल्या जाणत्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाब चालतो, मात्र तो दावेदाराचा स्वतःचा नको. यातले निदान दोन पुरावे लागतात.

म्हणजे बघा, वर्षाला भरायची ती घरपट्टी, तिला आपण किरकोळ समजतो. ती पावती आज जमिनीची साक्ष देते. आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्याने फॉरेस्टच्या केसचे समन्स बांबूच्या नळीत घालून आढ्याला खोचून ठेवले होते. पोरं म्हणायची, फेकून दे, लाज वाटते. त्या समन्सवर जमिनीचा नंबर आहे आणि तारीख आहे. ज्या कागदाने त्याला कोर्टाच्या पायऱ्या चढवल्या, तोच कागद आज त्याच्या दाव्याला जोडला आहे.

म्हणून संघटनेने ठरवलं आहे. खालच्या गोष्टी प्रत्येक घराने पाळायच्या.

1) पावती आधी, पैसा नंतर. तलाठी असो, ग्रामसेवक असो की गार्ड असो. तलाठ्याकडे पावती पुस्तक असतं, त्याला गाव नमुना 9 म्हणतात. "पुस्तक संपलं, नंतर ये" म्हणाला तर पैसे परत खिशात घाला आणि सांगा, "मग पैसे पण नंतर." पावतीवर नाव, तारीख, रक्कम, कशाचे पैसे आणि सही आहे का ते तिथेच बघा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणारं पोर बरोबर न्या. एकट्याने जाऊ नका, दोघं जा.

2) घर फॉरेस्टच्या जागेत आहे म्हणून ग्रामपंचायत घरपट्टी लावत नसेल, तर लेखी अर्ज करा. नाही म्हणायचं असेल तर लेखी नाही म्हणा, असं सांगा. नकाराचाही कागद होतो आणि त्यावर आपलं नाव आणि तारीख येते.

3) कोणताही अर्ज दोन प्रतींत. एक त्यांना, दुसरीवर तारीख टाकून पोच घ्यायची. वनहक्क समितीकडे दावा दिला तरी पोच घ्या, समितीत आपलाच चुलता असला तरी घ्या. रोजगार हमीवर काम मागताना तर पोच सोडूच नका. काम मागितल्यापासून 15 दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागतो. पोच नसली की ते म्हणतात, "यांनी काम मागितलंच नाही." आपलं पोट रिकामं आणि त्यांचं रजिस्टर स्वच्छ.

4) नाव एकच ठेवा. रेशन कार्डावर लखमा, मतदार यादीत लक्ष्मण, सातबारावर लख्या. माणूस एक आणि कागदावर तीन. मास्तरने त्याला आवडेल ते नाव लिहिलं, जन्मतारीख सगळ्या पोरांची 1 जून टाकली, आणि भोगायचं आपण. सगळे कागद एकदा एका ठिकाणी मांडा, नावं ताडून बघा, फरक असेल तर आत्ताच दुरुस्तीचा अर्ज द्या. दावा वर गेल्यावर याच फरकावरून फेटाळायला निमित्त मिळतं.

5) बाप मेला की वारस नोंद करा. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं. तोंडी कळवलं तरी चालतं, पण कायद्याने त्याने लगेच लेखी पोच द्यायची आहे. ती घ्याच. आजाच्या नावावर सातबारा पडून राहिला की मधे कोणीतरी शेठ घुसतो. वारसात बहिणींची आणि आईची नावं गाळू नका. बाहेरच्याने लुटलं तर लढायचं आणि घरात आपणच आपल्या बाईला लुटायचं, हे संघटनेत चालणार नाही.

6) वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने मिळतो, कायद्यात तसं लिहिलं आहे. म्हणून कागद कुठे ठेवले आहेत ते दोघांना माहीत पाहिजे. पुरुष वारला की बाईला पेटीची किल्लीसुद्धा सापडत नाही, असं खूप घरांत होतं.

7) मूळ कागद कोणाला द्यायचा नाही. झेरॉक्स द्या. रेशन कार्ड दुकानदाराकडे गहाण, जॉब कार्ड रोजगार सेवकाच्या पिशवीत, सातबारा एजंटच्या फायलीत, मग आपल्या घरात राहिलं काय? जॉब कार्ड कुटुंबाजवळच राहिलं पाहिजे. वनहक्काचा फॉर्मही फुकट आहे. फॉर्मचे पैसे मागणारा कोणीही असो, त्याचं नाव संघटनेला कळवा. संघटनेच्या कार्यकर्त्यालाही मूळ कागद देऊ नका. आम्ही मागितला तरी देऊ नका.

8) कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्प पेपरवर अंगठा नाही, सही नाही. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, जमीन महसूल कायद्यात कलम 36 अ आहे. म्हणूनच शेठ लोक खरेदीखत करत नाहीत, अंगठे घेऊन ठेवतात. बयाणा घेताना वीटभट्टीचा मुकादम अंगठा मागतो, तेव्हाही आधी वाचून घ्या.

9) एक पत्र्याची पेटी करा. सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पेटीत, पेटी जमिनीपासून वर, चुलीपासून लांब. जमिनीचे, घराचे, पोरांच्या शाळेचे आणि जातीचे असे चार गठ्ठे करा. दिवाळीनंतर भट्टीवर जाताना पेटी बंद घरात टाकून जाऊ नका. पाड्यावर मागे राहणाऱ्या भरवशाच्या नातेवाइकाकडे ठेवा आणि एक झेरॉक्स संच बरोबर न्या. पावसाच्या आधी एकदा सगळे कागद उन्हात घाला.

10) जो कागद हरवला आहे किंवा कधी दिलाच नाही, तो त्यांच्या दप्तरातून काढा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून देता येतो, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला ते 10 रुपयेही लागत नाहीत. दंडाची नोंद, केसचा नंबर, जुना फेरफार, ग्रामपंचायतीचं घरपट्टीचं रजिस्टर, सगळं मागा.

काही जण म्हणतील, एवढं सगळं आपल्या गरीब माणसानेच का करायचं? बरोबर प्रश्न आहे. पावती देणं हे पैसे घेणाऱ्याचं काम आहे. नोंद ठेवणं हे पगार घेणाऱ्याचं काम आहे. म्हणून ज्या पाड्यावर पावती मिळणार नाही, त्या पाड्याने बायापोरांसह एकत्र ऑफिसात जायचं, पैसे मोजून टेबलावर ठेवायचे आणि पावती फाडेपर्यंत उठायचं नाही. कर बुडवायला आलो नाही, भरायला आलो आहोत, एवढंच बोलायचं.

पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्याने यादी घेऊन यायची आहे. किती घरांत घरपट्टीची पावती आहे, किती घरांनी पैसे भरून पावती मिळाली नाही, आणि पैसे कोणी घेतले. यादीवर घरवाल्याची आणि घरवालीची, दोघांची सही किंवा अंगठा पाहिजे. ती यादी घेऊन आपण तहसील कचेरीवर जाणार आहोत. यादी दिल्याची पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही.

ज्याला वाचता येतं त्याने हा अंक पाड्यावर सगळ्यांना बसवून वाचून दाखवावा. वाचून झाला की फेकू नका, पेटीत ठेवा.

जिंदाबाद!