यंत्र तेलाला विचारून घ्या

मी जुरोंग ईस्टला राहतो आणि तेलं-रसायनं डब्यांत, ड्रममध्ये भरण्याशी माझ्या नोकरीचा संबंध आहे. एवढ्या भांडवलावर गावाकडच्या मंडळींनी मला तज्ज्ञ ठरवून टाकलंय. अंबड, चाकण, तळोजा, कुठूनही फोन येवो, प्रश्न एकच : "दादा, तिकडचं फिलिंग मशिन कसं? मिनिटाला किती बाटल्या?" विचारणाऱ्याने बहुतेक वेळा घर तारण ठेवून कर्ज काढलेलं असतं. म्हणून हे जरा सविस्तर.

मिनिटाला किती बाटल्या, हा माझ्या मते शेवटी विचारायचा प्रश्न. आधी विचारायचं ते तेलाला. तेल तापलं की फुगतं, गार झालं की आकसतं. खनिज तेल ५० अंशाला भरलं आणि ते २० अंशाला आलं, तर लिटरमागे सुमारे २० मिली कमी दिसतं. गोडेतेलाच्या बाबतीत हे सरकारदरबारीही गाजलं. काही उत्पादक ६० अंशाला मोजलेलं लिटर पाकिटावर छापत होते. एक लिटर सोयाबीन तेलाचं वजन २१ अंशाला ९१९ ग्रॅम, तर ६० अंशाला ८९२.६ ग्रॅम. शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सांगितलं, की तापमानाचा उल्लेख न करता आकारमान छापा आणि सोबत वजनही द्या. दुरुस्तीसाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. वंगणवाल्यांनीही यातून शहाणं व्हावं. पिस्टनचं मशिन आकारमान मोजतं. ते स्वस्त आहे, लहान बाटल्यांना उत्तमही आहे. पण टाकीतल्या तेलाचं तापमान सांभाळलं नाही तर ते इमानेइतबारे चुकीचं माप भरत राहतं. बादली आणि ड्रमला वजनावर भरणारंच मशिन घ्यावं.

माप कमी पडू नये म्हणून काही जण बाटलीत ५ मिली जास्त सोडतात. दिवसाला १० हजार बाटल्या धरा, ५० लिटर झाले. वर्षाचे ३०० दिवस चाललं तर १५ हजार लिटर फुकट. यात मशिनचा हप्ता कुठे गेला ते दिसतं.

आणि चाचणी कुठे घेता, हेही बघा. सिंगापूरला बारा महिने उकाडा. इथे सरसर वाहणारं २२० ग्रेडचं गिअर ऑइल सिन्नरच्या थंडीत सकाळी सातला मधासारखं होतं. आपलं सर्वांत घट्ट तेल, आपल्याच बाटल्या आणि झाकणं घेऊन विक्रेत्याकडे जायचं, तेही सगळ्यात थंड तेलावर मशिन पळवायला सांगायचं. तो पाण्यावर चालवून दाखवत असेल तर चहा प्यायचा आणि उठायचं.

"एकाच मशिनवर तेल, ॲसिड, थिनर सगळं चालतं" असं कुणी म्हणालं, तर सील कशाचे आहेत ते विचारा. ईपीडीएम रबर खनिज तेलात फुगतं. व्हायटॉन तेलात टिकतं, पण ॲसिटोनपुढे हात टेकतं. ब्लीचिंगचं पाणी, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, तर ३१६ स्टीललाही खड्डे पाडतं. तिथे प्लॅस्टिकचे मार्गच बरे. थिनर भरताना स्थिर विजेची एक ठिणगी पुरे. टोल्युइनची वाफ ४ अंशालाही पेट घेऊ शकते. नोझल तळाशी नेऊन सावकाश भरणं, ड्रमला अर्थिंगची क्लॅम्प लावणं, हवेवर चालणारं किंवा फ्लेमप्रूफ मशिन घेणं, यात काटकसर नको. नोझलपाशी दिवसभर कुणाच्या तरी घरचा माणूस उभा असतो. फ्लेमप्रूफ म्हणून देतात त्याला नागपूरच्या 'पेसो'ची मान्यता आहे का, कागद बघायला मागा. मागायला लाजू नका.

राहिला 'फॉरेन'चा मोह. जुरोंगची औद्योगिक वसाहत १९६१ मध्ये दलदलीत सुरू झाली, आपली एमआयडीसी १९६२ मध्ये. वयात वर्षाचाच फरक, पण इथून मशिन नेलं की ते जास्त चालेल असं आपल्याला उगाच वाटतं. इथे ते चालतं, कारण बिघडलं तर दुपारपर्यंत माणूस येतो. तुमच्याकडे एका व्हॉल्व्हसाठी तीन आठवडे लाइन बंद राहिली तर हप्ता थांबत नाही. वसईचं किंवा अहमदाबादचं मशिन, ज्याचा फिटर रात्रीच्या गाडीने सकाळी दारात येतो, ते मला तरी जास्त पटतं. माझ्या मावसभावाला हे सांगितलं तर तो थोडा हिरमुसला. त्याला पाटीवर 'मेड इन' काहीतरी हवं होतं.

ऑर्डर देताना आणखी एक. सील, नोझल, सेन्सर यांचे सुटे भाग, त्यांचे दर आणि किती दिवसांत मिळतील हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. एक लिटरवरून पाच लिटरवर जायला किती वेळ लागतो, तेही घड्याळ लावून बघा. दिवसात चार वेळा डबा बदलणाऱ्या लहान कारखान्यात मिनिटाला किती बाटल्या, याचं खरं उत्तर तिथे मिळतं.