जात काढा, फकिरा ठेवा?



मी मॅट्रिक पास गोदी कामगार. मुंबईच्या गोदीत क्रेनच्या हुकाला लोखंड अडकवतो, रात्री कविता लिहितो. आई कुंभारीत, गोदूताई परुळेकर वसाहतीत विड्या वळते. विडी कामगार बायांनी लढून मिळवलेली ही 10 हजार घरं, 2006 सालची. धाकटा भाऊ नववीत.

यंदा गॅदरिंगसाठी त्यानं अण्णा भाऊंची 1959 ची 'फकिरा' आजच्या हायस्कुलात आणली. फकिरा नववीतला पोरगा. वही वाचून सर म्हणाले, "छान आहे. फक्त जात काढ. मैत्रीची गोष्ट कर."

म्हणजे मांगवाडा काढा, भूक काढा, अन् उरलेल्या सांगाड्याला फकिरा म्हणा!

जेन ऑस्टिनची 1815 ची 'एमा' अमेरिकेत 1995 साली हायस्कुलात आली, 'क्लूलेस' सिनेमात. कपडे बदलले, गाडी आली, हातात फोन आला. पण एमाची श्रीमंती कुणी काढली नाही. बेव्हर्ली हिल्सची पोरगी बापाच्या पैशावरच नाचली. पैसा काढला तर एमा उरतेच कुठं? मग आमच्याच कादंबरीचा कणा का मोडता?

'फकिरा'त माणसं हजेरीला बांधलेली आहेत. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मालाच गुन्हा ठरवलं. आमच्या सोलापुरात तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. 1952 ला कायदा देशभर गेला. वस्तीचं नाव अजून सेटलमेंटच.

अन् शाळेत? नाटकात जात नको म्हणणारे हेच सर, स्कॉलरशिपचा फॉर्म आला की भरवर्गात ओरडतात, "एस.सी.वाले उभे राहा!" भाऊ उभा राहतो. सगळा वर्ग मान वळवून बघतो. ही हजेरी नाही तर काय बे? फॉर्मवर जात चालते, स्टेजवर विटाळ होतो!

भाऊ फोनवर रडत होता. "दादा, काढू का?"

मी म्हणलं, काढायचं नाही. उलट हाच प्रवेश पहिला घाल. अण्णा भाऊंच्या फकिरानं दुष्काळात धान्य लुटलं, कारण वाड्यात माणसं उपाशी मरत होती. तुझ्या फकिरानं सरांच्या टेबलावरचा हजेरीपट उचलावा अन् सगळ्या वर्गाला विचारावं, "आता तुमची जात सांगा. उभं राहून सांगा."

शाळा स्टेज देणार नाही. नको देऊ दे. वसाहतीत चौक आहे. विड्यांची सुपं बाजूला सारून आया बसतील. मी दोन दिवसांचा खाडा करून येतोय. तुम्हीपण या.