समुद्रावरचा जागल्या

गेल्या महिन्यांत आमचा नातू गस्तीनौकेचें चित्र घेऊन आला व म्हणाला, "आजोबा, एवढीशी ही बोट लढाई ती काय करणार?" शंका रास्त होती. आम्हां घाटावरच्या मंडळींस आरमार म्हटलें कीं अजस्र युद्धनौकाच दिसतात. त्यांतून शास्त्रकारांनीं समुद्रयान कलिवर्ज्यांत घातलेलें. तेव्हां समुद्राशीं आमचा संबंध नारळीभातापुरता!

चित्रांतील नौका 'कार निकोबार' वर्गाची होती. अशा दहा नौका कोलकात्यास बांधल्या गेल्या. पहिली २००९ च्या फेब्रुवारींत नौदलांत दाखल झाली. लांबी सुमारें ४८ मीटर, वेग तासास ५५ किलोमीटरांहून अधिक. पंख्याऐवजीं पाण्याचा झोत मागें फेंकून ती धांवते, म्हणून उथळ पाण्यांतहि शिरते. काम जागल्याचें, पण प्रसंगीं लढतेहि. २०११ च्या जानेवारींत लक्षद्वीपाजवळ यांतीलच एका नौकेनें सोमाली चांचांचें जहाज गांठलें, आणि त्यांच्या कैदेंतील वीस मच्छीमार सुटले.

परंतु जागल्या जागा असला तरी चोर ओळखावा कसा? २६ नोव्हेंबर २००८ रोजीं मुंबईवर चालून आलेले दहाजण पोरबंदरच्या 'कुबेर' नांवाच्या मच्छीमारी नौकेंतून आले होते. तांडेलास ठार करून ते रबरी होडींतून किनाऱ्यास लागले. दुरून पाहणारास ती हजारोंतील एक नौका! त्यांना प्रथम हटकलें तें किनाऱ्यावरील कोळ्यांनीं. पुढें २००९ मध्यें किनारा-रक्षणाची एकंदर जबाबदारी नौदलावर आली, रडारें उभीं राहिलीं, वीस मीटरांहून मोठ्या मचव्यांस ओळख सांगणारें यंत्र सक्तीचें झालें. पण लहान होड्याच फार. तेथें अजून कोळ्याचा डोळाच उपयोगीं. आणि झडतीसाठीं भर समुद्रांत थांबवतात तेंहि त्यालाच. जाळें टाकण्याची वेळ टळते, तिची भरपाई कोण करणार?

आमच्या घरीं मासे येत नाहींत. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यांत कोणा कोळ्याशीं आम्हीं चार शब्द बोललों नाहीं, हें लिहितांना संकोच वाटतो. तटरक्षक दलास खबर देण्याचा १५५४ हा क्रमांकहि आम्हांस ठाऊक नव्हता. तो नातवानेंच सांगितला. मे महिन्यांत हर्णैस जाणें आहे. संध्याकाळीं तेथें पुळणीवर मासळीचा लिलाव होतो. सौभाग्यवतींनीं नाकास पदर लावला तरी आम्ही दोघे जाणार.