धान्य आपले, दळण परक्या जात्यावर

कासच्या पठारावर किंवा जत-आटपाडीच्या माळावर अमावास्येच्या रात्री उभ्या राहिलेल्या माणसाला आकाश ताऱ्यांनी ओसंडून वाहताना दिसते. वस्तुतः नुसत्या डोळ्यांना एका वेळी फार तर दोन-तीन हजार तारे दिसतात. याच महाराष्ट्रातून, नारायणगावजवळच्या खोडद येथून झालेल्या एका आकाश-सर्वेक्षणाने मात्र सहा लाख वीस हजारांच्या आसपास रेडिओस्रोतांची नोंद केली. त्यांतील बहुतेक दूरदूरच्या दीर्घिका आहेत.

प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली ही रेडिओ दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरांच्या परिसरात विखुरलेल्या. त्यांत पत्र्याऐवजी बारीक तारांची जाळी वापरली आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या या दुर्बिणीने एप्रिल २०१० ते मार्च २०१२ या काळात दोन हजारांहून अधिक तास आकाश न्याहाळले. उत्तर ध्रुवापासून दक्षिणेस ५३ अंशांपर्यंत, म्हणजे संपूर्ण खगोलाचा नव्वद टक्के भाग, ५,३३६ तुकड्यांत टिपला गेला. अभिमान वाटावा असेच हे कार्य!

परंतु पुढची कथा अभिमानाला थोडी टोचणारी आहे. मूळ भारतीय गटाने काही भागांची चित्रे प्रसिद्ध केली. सर्व निरीक्षणांवर संस्कार करून समग्र सूची २०१७ साली प्रकाशित केली ती हुइब इंटेमा या डच खगोलज्ञाच्या गटाने. त्या गटात भारतीय नावेही आहेत, आणि त्यांनी ती सूची जगाला मुक्तहस्ते खुली केली, याबद्दल कृतज्ञताच हवी. तथापि अडले होते कशावर? तबकड्यांवर नव्हे. पृथ्वीभोवतीच्या आयनांबरामुळे विस्कटणारे संकेत सावरणारी, माणसाच्या हस्तक्षेपावाचून चालणारी संगणकप्रणाली हवी होती.

संगणकप्रणाली! कऱ्हाड आणि सांगलीची अभियांत्रिकी महाविद्यालये दरवर्षी ज्या विद्येचे पदवीधर घडवितात, तीच ही विद्या. त्यासाठी पर्वतशिखरावरची वेधशाळा लागत नाही. खोडदची जुनी निरीक्षणे अभ्यासकांना उपलब्ध आहेत. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी तबकड्यांपुढे छायाचित्र काढून परतणाऱ्या सहलींना कोणाची हरकत नाही. पण अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी उपाहारगृहांच्या हिशेबाची तीच ती प्रणाली पुन्हा लिहिण्याऐवजी, त्या ५,३३६ तुकड्यांपैकी एक तरी तुकडा कऱ्हाडच्या चार विद्यार्थ्यांनी आपल्या हाताने सोडवून पाहावा.