मुशीविना धातू

आपल्या बालाघाट जिल्ह्यात भरवेलीच्या खाणीतून मँगनीज निघते व पोलादासाठी जाते. धातुविद्येशी आपला संबंध खनिज खणण्यापाशीच संपावा, हे मला मान्य नाही.

वितळलेला धातू निवताना त्याचे स्फटिक बहुधा मुशीच्या भिंतीपाशीच धरू लागतात. म्हणून शास्त्रज्ञ विद्युत्चुंबकीय बलाने धातूचा थेंब अधांतरी तोलून धरतात. मग तो द्रवणबिंदूच्या खाली शेकडो अंश उतरूनही द्रवच राहू शकतो. १९६० साली अमेरिकेत पोल डुवेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी वाट धरली. सोने व सिलिकॉन यांचा रस त्यांनी सेकंदाला सुमारे दहा लाख अंश इतक्या वेगाने निवविला. अणूंना रांगेत बसण्यास अवसरच उरला नाही आणि काचेसारखा धातू जन्मास आला! लोहयुक्त अशा धातूच्या पातळ फिती आज ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात घालतात. त्यामुळे वीज कमी वाया जाते. वाराणसीच्या हिंदू विश्वविद्यालयात प्रा. अनंतरामन यांनीही या विषयात मोठे काम केले.

‘खेड्यातल्या शाळेत हे कोठून आणावे?’ असे कोणी म्हणेल. स्वच्छ परीक्षानळीत हायपो वितळवा व न हलविता निवू द्या. ४८ अंशांच्या बराच खालीही तो द्रव राहतो. हायपोचाच एक खडा टाकताच भराभर गोठतो व नळी हाताला ऊन लागते. मुशीची भिंत धातूला जे करते, तेच येथे तो खडा करतो. एवढा प्रयोग नववीच्या वर्गाने पुढील सत्रात अवश्य करावा.