गेमच्या मशीनला कुलूप हवंच!

आजचा विषय थोडा तिखट आहे.

घराघरांत आता प्लेस्टेशन येतंय. कुणाच्या वाढदिवसाला, कुणाच्या दिवाळीला. पन्नास हजारांच्या आसपासची वस्तू. वॉशिंग मशीन घेतलं तर आपण डेमोवाल्याला दोन-दोनदा बोलावतो, कुठलं बटण कशाचं ते समजून घेतो. पण हे मशीन मात्र खोक्यातून निघतं ते थेट मुलाच्या हातात जातं. अकाउंट बाबांच्या नावाचं, कार्ड बाबांचं, जन्मतारीख बाबांची आणि खेळणारा नऊ वर्षांचा. मशीनच्या दृष्टीनं तो चाळिशीतला गृहस्थच!

त्यात पॅरेंटल कंट्रोलची सोय आहे, ती लावून घ्या, असं कुणी सुचवलं की ठरलेलं उत्तर येतं: "आमचा आमच्या मुलावर विश्वास आहे."

हे वाक्य आता मला ऐकवत नाही. अहो, मुलावर विश्वास असेल, असायलाच हवा. पण पलीकडे कोण बसलंय त्याच्यावरही आहे का? 'फोर्टनाइट' हा खेळ तुमच्या मुलांच्या तोंडी असेलच. तो बनवणाऱ्या एपिक गेम्स कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं कारवाई केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीनं ५२ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. आरोप दोन होते. एक, लहान मुलांचा अनोळखी माणसांशी आवाजी आणि लेखी संवाद मुळातच चालू ठेवलेला होता, तो बंद करणं पालकांवर सोडलेलं. दुसरा, बटणांची मांडणी अशी की खेळता खेळता नको असताना पैसे खर्च व्हावेत. त्या ५२ कोटींपैकी साडेचोवीस कोटी तर ग्राहकांना परत द्यायचे होते. आता सांगा, यात मुलाच्या चांगुलपणाचा प्रश्न कुठे आला? मोठमोठ्या पगाराची माणसं बसून मुलाच्या बोटाला कुठे वळवायचं ते ठरवत होती. त्यांच्यासमोर आपलं पाचवीतलं पोर एकटं बसवायचं आणि त्याला विश्वास म्हणायचं!

गॅलरीला ग्रिल लावतो तेव्हा कुणी म्हणतं का, मुलावर अविश्वास दाखवला म्हणून?

खोक्यावरचा वयाचा आकडा तरी वाचा. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच डिस्कवर युरोपच्या 'पेगी' पद्धतीचा आकडा असतो: ३, ७, १२, १६ किंवा १८. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' वर १८ छापलंय, आणि तरी चौथी-पाचवीतली मुलं त्यातल्या गाड्यांची नावं सांगतात. पण नुसत्या आकड्यावरही विसंबू नका. फुटबॉलच्या 'फिफा'वर ३ असायचं. खेळ निर्मळ, गोल मारायचे, एवढंच. आत मात्र पाकिटं विकायला ठेवलेली. पैसे भरा, पाकीट उघडा, कुठला खेळाडू निघेल ते नशीब. बेल्जियममध्ये २०१८ साली तिथल्या जुगार नियंत्रकांनी अशा पाकिटांना सरळ जुगार ठरवलं आणि जानेवारी २०१९ मध्ये कंपनीला त्या देशात ती पाकिटं घेण्यासाठीचे पॉइंट विकणं थांबवावं लागलं. २०२० पासून अशा खेळांवर बारीक अक्षरात तशी सूचना छापू लागले, हीच काय ती कृपा.

दुसरं वाक्य ऐकते ते आपल्या बायकांकडूनच. "मला बाई त्यातलं काही कळत नाही." बँकेचं ॲप कळतं, गॅसचं बुकिंग कळतं, सोसायटीच्या ग्रुपवर चाळीस फोटो टाकता येतात. मग हेच का कळत नाही? प्लेस्टेशनमध्ये मुलाच्या खऱ्या जन्मतारखेचं वेगळं खातं काढायचं आणि ते आपल्या खात्याच्या कुटुंबात जोडायचं. मग कुठल्या वयापर्यंतचे खेळ उघडतील, अनोळखी लोकांशी बोलता येईल की नाही, महिन्याला किती पैसे (शून्य ठेवा, शून्य), कुठल्या वारी किती वेळ, सगळं ठरवता येतं. वेळ संपल्यावर नुसती सूचना द्यायची की खात्यातून बाहेर काढायचं, हेही तिथे विचारतात. नुसती सूचना निवडलीत तर ती आपल्या "अरे, बंद कर आता" इतकीच परिणामकारक ठरते, हे ध्यानात ठेवा.

आणि एवढं करूनही खिडकी उघडी राहते ती अशी. मशीनचा मूळ पासकोड चार शून्यं असतो. तो बदलला नाही तर सगळी मेहनत पाण्यात. नवीन खातं काढणं आणि पाहुणा म्हणून शिरणं बंद केलं नाही तर मुलगा दोन मिनिटांत नवा माणूस होऊन येतो. आणि सर्वांत मोठं भगदाड म्हणजे बाबांचं खातं! त्याला स्वतंत्र पासकोड नसेल तर पोरगं सरळ बाबा होऊन खेळतं. घरातल्या पुरुषांना हे सांगायला गेलं की "रोज रोज कोण आकडे दाबत बसणार" म्हणतात. मोबाइलला मात्र आकडाही असतो आणि अंगठाही. तुमच्याकडे निन्टेन्डो स्विच असेल तर आणखी एक गोष्ट: त्यातली बंधनं एकेका मुलाला नसतात, सगळ्या मशीनला मिळून असतात. एकत्र कुटुंबात मोठ्या दिराच्या कॉलेजच्या मुलासाठी कुणी ती ढिली केली की धाकट्यालाही तीच लागू.

तिसरं वाक्य, "नुसता खेळच तर आहे, खरं कुठे कुणी मरतंय?" हे आपल्या घरांत म्हटलं जावं याचं मला खरंच नवल वाटतं. यशोधर राजाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. दहाव्या शतकात सोमदेवसूरींनी 'यशस्तिलक'मध्ये ती सविस्तर सांगितली आहे. आईच्या आग्रहाखातर राजानं बळी दिला तो पिठाच्या कोंबड्याचा. रक्ताचा थेंब नाही, जीव नाही. तरी दोघांना पशुयोनीत जन्मामागून जन्म घ्यावे लागले, कारण मारण्याचा भाव मनात होता. ती कथा सांगणाऱ्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण उरकतं, ताटात कांदा-बटाटा नसतो, आणि मोकळ्या झालेल्या संध्याकाळी मुलगा रस्त्यावरच्या माणसांवर गाडी घालून गुण मोजत बसतो. आजी शेजारीच माळ घेऊन बसलेली. तिला वाटतं, पोरगं गाडी शिकतंय.

प्रत्येक खेळ वाईट, असं मी म्हणत नाही. शर्यतीचे, कोड्यांचे, घरं बांधायचे सुंदर खेळ आहेत, मुलांबरोबर बसून खेळावेत असे. मला राग आहे तो काहीही न निवडता सगळं उघडं टाकण्याचा.

मात्र कुलूप चोरून लावणाऱ्यांचंही मला पटत नाही. मुलगा शाळेत गेल्यावर सेटिंग बदलायची आणि तो आल्यावर "मशीनच बिघडलं असेल" म्हणायचं, हे खोटं झालं. ते त्याला आठवड्यात कळतं, यूट्यूबवर सगळं असतं. आणि परीक्षेत गुण कमी पडले म्हणून अर्धा तास काप, भाजी खाल्ली म्हणून अर्धा तास वाढव, हा व्यवहारही नको. दक्षिण कोरियानं २०११ मध्ये कायदाच केला होता, सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहा ऑनलाइन खेळ बंद. मुलं आईवडिलांच्या ओळख क्रमांकानं खेळू लागली. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, सरकारनं तो गुंडाळायचं ठरवलं. सरकारला जमलं नाही ते आपल्याला जमू शकतं, कारण आपण मुलाला शेजारी बसवून विचारू शकतो: शनिवारी किती वेळ हवा, मित्र कुठला खेळ खेळतात, त्यात काय असतं. पडद्यावर आकडे त्याच्यासमोर भरा. वाद होईल, होऊ द्या. दर वाढदिवसाला बसून ते आकडे पुन्हा बघू, असंही तेव्हाच ठरवून टाका.

फक्त पासकोड भरताना त्याला मान फिरवायला सांगा. घराचा पिनकोड, लग्नाची तारीख, गाडीचा नंबर, यांतलं काही ठेवू नका. आणि तो दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत तर अजिबात लिहून ठेवू नका. पोरं पहिल्यांदा तिथंच बघतात.